क्रॉसबोची दोरी ताणायला काय घ्यावं: आकडा, तरफ, रहाट की क्रॅनक्विन?

मध्ययुगीन युरोपीय क्रॉसबोची, म्हणजे लाकडी दांड्यावर आडव्या बसवलेल्या धनुष्याची, प्रतिकृती करवून घ्यायची म्हटली की लोक आधी धनुष्य पसंत करतात आणि दोरी ताणायचं साधन मागाहून बघतात. हा क्रम उलटा हवा. एखाद्या साधनाला दांड्याच्या पुढच्या टोकाला रिकीब (पाय अडकवायची कडी) लागते, एखाद्याला दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या, तर एखादं मागच्या टोकावर टोपीसारखं चढतं. दांडा एकदा घडला की हे सगळं बदलणं कटकटीचं.

सगळ्यात साधा म्हणजे पट्ट्याचा आकडा. कमरेला रुंद चामडी पट्टा, त्याला एक किंवा दोन नख्यांचा लोखंडी आकडा. पाय रिकिबीत, गुडघे वाकवून दोरी आकड्यात घ्यायची आणि सरळ उभं राहायचं. जोर मांड्यांचा आणि पाठीचा, हात फक्त दांडा सांभाळतात. वेगात याला तोड नाही. पण यांत्रिक फायदा काही नाही: धनुष्याचा ताण 100 किलो असेल तर 100 किलोच ओढायचे. पाठीचं दुखणं असेल तर हा पर्याय सोडाच. याचीच सुधारित आवृत्ती कप्पीची. दोराचं एक टोक दांड्याला, दुसरं पट्ट्याला, आणि मधल्या कप्पीच्या आकड्यात धनुष्याची दोरी. जोर निम्मा लागतो, पण ओढ 15 सेंटिमीटरची असेल तर 30 सेंटिमीटर उठावं लागतं.

बकरीच्या पायाची तरफ ही माझी आवडती. दोन भागांची, एकमेकांत खिळीवर फिरणारी. तिचे वाकडे फाटे खटक्याच्या, म्हणजे ताणलेली दोरी धरून ठेवणाऱ्या भागाच्या, मागच्या खुंट्यांवर टेकतात, नख्या दोरीला धरतात आणि मूठ आपल्याकडे ओढली की दोरी मागे येते. फायदा साधारण पाचपट धरा: 150 किलोच्या धनुष्याला मुठीवर 30 किलोच्या आसपास जोर, आणि हात पाऊण मीटरभर फिरतो. फाट्यांचा वाकच असा असतो की शेवटी, दोरी सगळ्यात जड झालेली असताना, तरफ जास्त साथ देते. रिकीब नसली तरी चालतं, म्हणूनच घोडेस्वारांनाही ती सोयीची होती. मात्र धनुष्याची पोलादी कांब खूप जाड असेल तर तिच्यापुढे ही तरफ हात टेकते.

तिथे रहाट लागतो: मुठी फिरवून दोर गुंडाळणारी पेटी. इंग्रजीत लिहिणारे त्याला इंग्लिश म्हणतात, पण तो त्यांच्यापुरता नव्हता. वापरायची कृती नीट बघा, कारण निर्णय तिथेच होतो. दांड्याच्या मागच्या टोकावर पेटी चढवा, पाय रिकिबीत घाला, दोर उलगडून आकडे दोरीला लावा, दोन्ही हातांनी दोन मुठी फिरवा. दोरी खटक्यात बसली की थोडं उलटं फिरवून दोर सैल करा, आकडे काढा, पेटी उतरवून बाजूला ठेवा. मग बाण ठेवा, मग नेम. मध्ये एखादा दोर गुंतला तर संपलंच. हे उघड्या मैदानात करणाऱ्याला आडोसा हवाच. म्हणून तर मोठ्या उभ्या ढाली असत. 1346 मध्ये फ्रान्समधल्या क्रेसीच्या लढाईत, फ्रेंचांकडून लढणाऱ्या इटलीतल्या जिनोआच्या क्रॉसबोवाल्यांच्या ढाली मागे सामानाच्या गाड्यांत राहिल्या होत्या, आणि इंग्रज धनुर्धरांनी त्यांची दैना केली. तटबंदीवर बसून मारा करायचा असेल तर मात्र रहाटासारखं दुसरं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्रॉसबोवर पुस्तक लिहिणारे इंग्रज लेखक राल्फ पेन-गॉलवे यांनी 1200 पौंड, म्हणजे सुमारे 540 किलो ताणाच्या जुन्या क्रॉसबोने वेल्समधल्या मेनाई सामुद्रधुनीपार, 400 मीटरच्या पुढे बाण मारला होता. असला ताण हाताने नुसता हलतही नाही.

क्रॅनक्विन म्हणजे दंतपट्टी आणि दंतचक्रांची बंद पेटी. ट्रकचा जॅक आठवा. दोराचा फास दांड्यावर सरकवून खुंट्यांना अडकवायचा, पट्टीच्या टोकाच्या नख्या दोरीला लावायच्या आणि एकच मूठ गरगर फिरवायची. रिकीब लागत नाही, वाकावं लागत नाही, घोड्यावरही जमतं. बर्गंडीच्या सैन्यातल्या घोडेस्वार क्रॉसबोवाल्यांना क्रॅनक्विनिये असं नावच पडलं, आणि जर्मन मुलखात शिकारीसाठी हे साधन पुढेही टिकलं. पण फुकट काही मिळत नाही: फायदा शंभरपट असेल तर 15 सेंटिमीटर ओढीसाठी हाताला 15 मीटरचा फेरा पडतो. शिवाय ते जड, आणि दाते नीट कापलेले नसतील तर ते मधेच घसरतं. नक्षीदार पेटी बघून भुलू नका, आतले दाते बघा.

मग घ्यायचं काय? जत्रेत, प्रात्यक्षिकात भराभर बाण मारायचे असतील आणि पाठ धड असेल तर आकडा. ताण 150 किलोच्या आत असेल तर बकरीचा पाय, आणि बहुतेकांचं काम इथेच भागतं. 250 च्या पुढे गेलात तर रहाट किंवा क्रॅनक्विन. त्यात मी क्रॅनक्विनकडे झुकेन, किंमत झेपत असेल तर. या दोघांचा आणखी एक गुण: बाण मारायचा नसेल तर तेच साधन पुन्हा लावून दोरी सावकाश उतरवता येते. बाण न ठेवता खटका ओढणं हे कांबेच्या आणि दोरीच्या मुळावर येतं, त्यामुळे हा गुण लहान समजू नका.

तरफ घेणार असाल तर खटक्यापासून खुंट्यांचं अंतर कारागिराला तरफ हातात देऊनच मापायला लावा. अंतर जास्त झालं तर नख्या दोरीपर्यंत पोचत नाहीत, कमी पडलं तर दोरी खटक्यात बसायच्या आधीच मूठ दांड्याला टेकते.