क्वेर्सेटिनचे आठ महिने: वहीतल्या नोंदी काय सांगतात

सकाळी उठल्यावर मूठ पूर्ण वळायला किती मिनिटं लागतात, ही एकच गोष्ट मी आठ महिने रोज वहीत लिहिली. माझं वय ५८. बोटांचे सांधे झिजायला लागलेत, असं डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं होतं. आमवात नाही, त्याच्या तपासण्याही करून झाल्या. पण सकाळी बोटं आखडलेली असतात, सुई धरता येत नाही. शिवणकाम हा माझा आयुष्यभराचा जीव की प्राण, त्यामुळे हे दुखणं मला फार लागतं. क्वेर्सेटिन घ्यायचं ठरवलं ते यासाठी. तारुण्य टिकवण्याची जी आश्वासनं बाटल्यांवर छापलेली असतात, ती माझ्या मनात नव्हती.

क्वेर्सेटिन म्हणजे कांदा, सफरचंदाची साल अशा ठिकाणी आढळणारं पिवळं वनस्पतिजन्य द्रव्य, फ्लेव्होनॉइड गटातलं. कॅप्सूलमध्ये येणारं क्वेर्सेटिन बहुतेकदा सोफोरा नावाच्या झाडाच्या फुलांच्या कळ्यांपासून काढतात. माझी पहिली बाटली इथेच फसवी निघाली. वर मोठ्या अक्षरात ५०० मिलिग्रॅम, आणि मागे बारीक अक्षरात ते ५०० मिलिग्रॅम कळ्यांच्या अर्काचे. त्यात प्रत्यक्ष क्वेर्सेटिन किती, याचा उल्लेखच नाही. ती परत केली. दुसरी बाटली घेतली तिच्यावर 'क्वेर्सेटिन डायहायड्रेट ५०० मिलिग्रॅम' असं स्पष्ट लिहिलं होतं. डायहायड्रेटमध्ये पाण्याचंही वजन धरलेलं असतं, म्हणजे खरं क्वेर्सेटिन साधारण ४४५ मिलिग्रॅम. एवढा फरक मला चालला, लपवाछपवी चालली नसती.

बाटली उघडण्याआधी तीन आठवडे नुसत्या नोंदी केल्या. सरासरी आली २६ मिनिटं. मग रोज एक कॅप्सूल सुरू केली. पहिल्या आठवड्यात रिकाम्या पोटी घेत होते, तेव्हा मळमळायचं आणि दोनदा डोकं दुखलं. जेवणाबरोबर घ्यायला लागल्यावर दोन्ही थांबलं. ते तसंही बरं, कारण हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि स्निग्ध जेवणाबरोबर जरा जास्त शोषलं जातं.

तीन महिन्यांनी सरासरी १४ मिनिटांवर आली होती. मला किती आनंद झाला असेल! मैत्रिणींना फोन करून सांगितलं. सकाळी चहाच्या आधी सुईत दोरा ओवता येत होता. त्याच वेळी एचएस-सीआरपी ही दाह मोजणारी रक्ततपासणीही केली: आधी २.६ होती, आता २.१. मी तो कागद विजयपत्रासारखा डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी शांतपणे सांगितलं की १ ते ३ हा एकच पट्टा धरतात, साध्या सर्दीनेही हा आकडा वर जातो, आणि एवढा चढउतार काहीही न घेता होतो. मग त्यांनी विचारलं, या तीन महिन्यांत आणखी काय बदललं? तेव्हा माझ्या लक्षात आलं. कॅप्सूल सुरू केल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी फिजिओथेरपिस्टने शिकवलेले बोटांचे व्यायाम आणि सकाळी दहा मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवणं सुरू केलं होतं. दोन गोष्टी एकदम सुरू केल्यामुळे गुण कुणाचा, हे मला सांगता येईना.

हे मला स्वस्थ बसू देईना. माझी मुलगी म्हणाली, आई, तुला कळू न देता मी देते. तिने रिकाम्या, आतलं न दिसणाऱ्या कॅप्सूल आणल्या. क्वेर्सेटिनची पूड इतकी पिवळीधमक असते की पारदर्शक कॅप्सूलमध्ये लगेच ओळखू येते. काहींत ती पूड भरली, काहींत साधं पीठ. दोन डब्यांवर 'अ' आणि 'ब' लिहिलं आणि कुठल्या डब्यात काय, ते चिठ्ठीवर लिहून बंद पाकिटात ठेवलं. आधी दोन आठवडे काहीच घेतलं नाही. मग सहा आठवडे 'अ', पुन्हा दोन आठवडे खंड, मग सहा आठवडे 'ब'. व्यायाम आणि कोमट पाणी मात्र रोज, एकही दिवस न चुकवता.

'अ'चा पहिला पंधरवडा इतका छान गेला की मी छातीठोकपणे म्हटलं, हेच खरं. शेवटी सरासरी काढली. 'अ' १७ मिनिटं, 'ब' १५. पाकीट उघडलं तर 'अ'मध्ये पीठ होतं.

म्हणजे २६ वरून १७ पर्यंतची मजल मी पिठावर मारली होती. दोन मिनिटांचा फरक क्वेर्सेटिनच्या बाजूने आहे खरा, पण माझ्या वहीत एका दिवसातून दुसऱ्या दिवसात आठ-दहा मिनिटांचा फरक सहज दिसतो. त्या दोन मिनिटांवर मी काही ठामपणे म्हणू शकत नाही.

थकवा, झोप, त्वचा यांत मला काही बदल जाणवला नाही. शिंका कमी होतात असं म्हणतात, पण त्याची मी नोंद ठेवली नव्हती, म्हणून त्यावर बोलत नाही. रक्तदाबाबद्दल थोडा भक्कम आधार आहे. २०१६ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात रोज ५०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेणाऱ्यांचा रक्तदाब किंचित कमी झालेला दिसला. माझा आधीपासूनच व्यवस्थित आहे, त्यामुळे मला तपासता आलं नाही.

मला मनापासून खटकतं ते 'म्हाताऱ्या पेशी नष्ट करतं' हे वाक्य. त्यामागे खरं संशोधन आहे. वय वाढतं तशा काही पेशी विभागायच्या थांबतात, मरतही नाहीत, आणि आजूबाजूला दाह वाढवणारी द्रव्यं सोडत राहतात. २०१५ मध्ये संशोधकांनी अशा पेशींवर क्वेर्सेटिन वापरलं ते डॅसॅटिनिब या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधासोबत. २०१९ मध्ये माणसांवरची पहिली छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात फुप्फुसांचा गंभीर आजार असलेले १४ रुग्ण होते, क्वेर्सेटिन १२५० मिलिग्रॅम होतं, आणि दोन्ही औषधं आठवड्यातले तीनच दिवस, असे तीन आठवडे दिली होती. रोजच्या एकट्या कॅप्सूलला या कामाचं श्रेय देणं हे वाचणाऱ्याच्या आशेशी खेळणं आहे. शिवाय प्रयोगशाळेत पेशींवर टाकतात ते शुद्ध क्वेर्सेटिन. आपण गिळलेलं आतडी आणि यकृत यांतून जाताना बदलतं, आणि रक्तात पोचतं ते मुख्यतः त्या बदललेल्या रूपात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. माझं ऐकून थोरल्या दिरांनीही बाटली मागवली होती. ते रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेतात. सुदैवाने सुरू करण्याआधी त्यांनी डॉक्टरांना विचारलं आणि डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं, कारण क्वेर्सेटिनमुळे वॉरफरिनचा परिणाम वाढू शकतो. अवयव प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांनीही दूर राहावं. रोज कुठलंही औषध चालू असेल, तर बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय झाकण उघडू नका.

मी पुन्हा मागवलेलं नाही. साधारण चाळीस कॅप्सूल उरल्या आहेत, त्या मुलीकडे दिल्या. तिला उलट क्रमाने, आधी खरं आणि मग पीठ, असा आणखी एक फेरा करून बघायचा आहे आणि मी तयार आहे. तोवर कोमट पाणी, व्यायाम आणि वही चालू. आज सकाळची नोंद १६ मिनिटं.