डोव्हरच्या सामुद्रधुनीतले दिवे: जहाजाच्या ब्रिजवरच्या (सुकाणू-कक्षातल्या) रात्रपाळीसाठी कितपत कामाचे?

इंग्लंड आणि फ्रान्समधल्या या चिंचोळ्या समुद्रातून रोज ४०० च्या वर जहाजं जातात, शिवाय आडव्या धावणाऱ्या फेरी बोटी वेगळ्याच. इंग्लंडच्या बाजूचे दीपगृहांचे आणि दीपनौकांचे दिवे ट्रिनिटी हाउस या संस्थेकडे, समोरचे फ्रान्सकडे. जीपीएसचा ताळा घ्यायला ही दिव्यांची सेवा उत्तम आहे, फक्त वापरणाऱ्याला सेकंद नीट मोजता यायला हवेत.

इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा डंजनेसचा मनोरा (१९६१, काळे-पांढरे पट्टे) दर १० सेकंदांनी एकदा पांढरा चमकतो. समोरचा, फ्रान्समधला कॅप ग्री-ने दर ५ सेकंदांनी, तोही पांढराच. पावसाच्या सरीत ग्री-नेची एक चमक हुकली की तो हुबेहूब डंजनेस वाटतो. दोन चमकांवर स्टॉपवॉच थांबवणाऱ्याची फसगत होते ती इथे. सलग चार-पाच आवर्तनं मोजायची, त्यातलं सर्वांत लहान अंतर खरं धरायचं आणि मग बेअरिंगशी (दिवा कोणत्या दिशेला दिसतो त्याच्याशी) ताडून पाहायचं. फ्रान्समधल्या कॅले बंदराच्या दिव्याचा घोळ होत नाही, कारण तिथे १५ सेकंदांत चार चमका येतात.

सामुद्रधुनीतल्या वार्नच्या उथळ पट्ट्यावर लाल दिव्याची दीपनौका (नांगरून ठेवलेली, दिवा असलेली बोट) आहे. धोक्याची खूण म्हणून झकास, पण तिच्यावरून फिक्स घेऊ नका, म्हणजे आपली जागा ठरवू नका. साखळीच्या टोकाला ती भरती-ओहोटीबरोबर फिरत असते. रडारवर तिच्या रेकॉनचं (रडारच्या लहरींना उत्तर देणाऱ्या यंत्राचं) मोर्स अक्षर दिसतं. दिसलं नाही तर रेकॉन बंद पडला असं लगेच ठरवू नका, आधी रडारचा रेन क्लटर (पावसाच्या खुणा दाबणारं नियंत्रण) कमी करून बघा. तो वाढवलेला असला की लांब खुणा पुसल्या जातात. शिवाय रेकॉन रडारच्या प्रत्येक फेऱ्याला उत्तर देतोच असं नाही.

तक्रार ऐकू येते ती दिव्यांचा पल्ला घटवल्याची. पश्चिमेकडून येताना लागणाऱ्या बीची हेडच्या दीपगृहाला २०११ मध्ये एलईडी आला आणि २० सागरी मैलांचा पल्ला ८ वर आला. पण हे आकडे १० मैल दृश्यमानता धरून काढलेले असतात. दृश्यमानता २ मैलांवर उतरली की २० मैलांचा दिवा पावणेसहा मैलांवरून दिसतो आणि ८ मैलांचा सुमारे तीनवरून. धुरकट रात्री नुकसान कागदावरच्या १२ मैलांचं नसून तीनपेक्षाही कमी मैलांचं. खरा तोटा स्वच्छ रात्री होतो, कारण फिरत्या भिंगाचे झोत क्षितिजाआडूनही आकाशात फिरताना दिसत आणि ती आगाऊ सूचना आता मिळत नाही.

उंचीचाही हिशेब असतो. डंजनेसचा दिवा ४० मीटरवर आहे. ब्रिजवर डोळ्यांची उंची १५ मीटर असेल तर तो २०.७ मैलांच्या आधी दिसणारच नाही, मग बल्ब कितीही जोरदार असो.

इंग्लंडच्या बाजूच्या दिव्यांचा खर्च ब्रिटिश आणि आयरिश बंदरांत लागणाऱ्या जहाजांच्या लाइट ड्यूजमधून (दिव्यांसाठीच्या शुल्कातून) भागतो. न थांबता पुढे रॉटरडॅमला जाणाऱ्याला ही सेवा फुकट.