इंट्यूट डोम, इंगलवूड : मॅच बघायला नक्की जा, पण हे स्टेडियम कुठल्या भांडणातून उभं राहिलं तेही माहिती असू द्या

लॉस एंजेलिसला येणारे बरेच मराठी लोक विचारतात की एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगची, मॅच बघायचीच तर शहरातल्या दोन टीमपैकी लेकर्सची बघू की क्लिपर्सची, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. क्लिपर्सची बघा, इंगलवूडला इंट्यूट डोममध्ये जाऊन बघा. लेकर्सचं नाव मोठं, मान्य, पण पैसे देऊन तीन तास बसायचं तर जागा म्हणून ही जास्त चांगली आहे.

ऑगस्ट २०२४ ला सुरू झालं हे. विमानतळापासून जवळ, सोफाय स्टेडियमच्या अगदी शेजारी. साधारण १८ हजार लोक बसतात आणि बांधायला २ अब्ज डॉलरच्या वर खर्च आला, तोही मालकाने स्वतःच्या खिशातून केला, हे महत्त्वाचं, कारण इथे अमेरिकेत बहुतेक वेळा शहराच्या गळ्यात बिल मारून स्टेडियम बांधतात. आत शिरताना तिकीट, ओळख, पेमेंट सगळं अॅपवर. अॅप घरूनच डाउनलोड करून कार्ड टाकून ठेवा, गेटवर उभं राहून करू नका, आणि बरोबर आईवडील असतील तर त्यांची तिकीटं तुमच्याच फोनमध्ये ठेवा म्हणजे त्यांची धावपळ होत नाही. चेहरा स्कॅन करून आत जायची पण सोय आहे, आपल्याला आवडत असेल तर. खाण्याच्या स्टॉलवर कॅशियर नाही, आत जायचं, उचलायचं, बाहेर पडायचं, पैसे आपोआप कापले जातात. लहान मुलं बरोबर असली की हे फार बरं पडतं कारण लाइनमध्ये उभं राहून अर्धा क्वार्टर बुडत नाही. आणि टॉयलेट! अकराशेच्या वर आहेत, मालकाने ह्या एका गोष्टीवर अक्षरशः हट्ट धरला होता, आणि बायकांना मॅचच्या मध्यंतरात रांग लावावी लागू नये ह्याचा विचार एखाद्या स्टेडियमवाल्याने केला हे बघून माझी बायको जेवढी खूश झाली तेवढी स्कोअरवर पण झाली नाही.

आता मुख्य आकर्षण म्हणजे द वॉल. एका बास्केटच्या मागे सलग ५१ रांगा, मध्ये कुठे बॉक्स नाही, गॅलरी तुटत नाही, एकदम उभी चढण. तिथे फक्त क्लिपर्सचे फॅन, समोरच्या टीमची जर्सी घालून बसता येत नाही. समोरचा खेळाडू फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट, घ्यायला उभा राहिला की पूर्ण भिंत उठून हात हलवते, ओरडते, आणि तो आवाज छातीत जाणवतो. वरती गोल कड्यासारखा, दोन्ही बाजूंनी दिसणारा स्क्रीन आहे, जवळपास एक एकर एवढा, त्यामुळे वरच्या स्वस्त सीटवरून पण सगळं नीट कळतं. प्रत्येक सीटला चार्जर. बाहेरच्या पॅसेजमध्ये कॅलिफोर्नियातल्या हायस्कूलच्या टीमच्या दीड हजारावर जर्सी लावल्यात, आमच्या भाच्याने त्याच्या शाळेची शोधून काढली आणि तिच्यासमोरून हलेचना.

मालक स्टीव्ह बामर, मायक्रोसॉफ्टचा माजी सीईओ. तो बास्केटजवळ कोर्टलगत बसतो आणि एखाद्या कॉलेजच्या पोरासारखा उड्या मारतो, ते स्क्रीनवर दिसलं आणि भाचा म्हणाला, मामा, ह्याच्या आधी मालक कोण होता? मी म्हटलं, होता एक, लीगने हाकलला त्याला. तर तो म्हणे, पण टीम त्याचीच होती ना, मालकाला कोण हाकलणार?

प्रश्न एकदम बरोबर आहे आणि उत्तर वाटतं तेवढं सरळ नाही, म्हणून रिव्ह्यूमध्ये ते लिहितोच. मला हा विषय खरंच जवळचा वाटतो, कारण आपण ज्या टीमवर जीव टाकतो तिचे पैसे शेवटी कोणाकडे जातात हे फॅनने बघायलाच पाहिजे.

तो आधीचा मालक म्हणजे डोनाल्ड स्टर्लिंग. त्याने १९८१ ला ही टीम साधारण सव्वा कोटी डॉलरला घेतली, तेव्हा ती सॅन दिएगोत होती. १९८४ ला लीगची परवानगी न घेताच त्याने ती लॉस एंजेलिसला (एलए) उचलून आणली. लीगने अडीच कोटी डॉलर दंड लावला, ह्याने उलट १० कोटींचा दावा ठोकला, आणि शेवटी दंड ६० लाखांवर आला. म्हणजे माणूस कोर्टात जायला घाबरणाऱ्यातला नव्हता. धंदा त्याचा भाड्याच्या अपार्टमेंटचा, आणि २००६ ला अमेरिकेच्या न्याय खात्याने त्याच्यावर केस केली की हा कृष्णवर्णीय लोकांना, हिस्पॅनिक लोकांना, मुलंबाळं असलेल्या कुटुंबांना घरं नाकारतो. २००९ ला गुन्हा कबूल न करता २७ लाख २५ हजार डॉलर देऊन मिटवलं, भाड्याच्या घरांतल्या भेदभावाच्या केसमध्ये न्याय खात्याने तोवर मिळवलेली ती सगळ्यात मोठी रक्कम होती. लीगने तेव्हा काय केलं? काही नाही. त्याच वर्षी टीमचा अनेक वर्षांचा जनरल मॅनेजर एल्जिन बेलर, स्वतः महान खेळाडू, भेदभावाची तक्रार घेऊन कोर्टात गेला आणि २०११ ला ज्युरीने त्याच्या विरोधात निकाल दिला. लीग गप्पच.

मग एप्रिल २०१४. मैत्रिणीशी बोलतानाचं स्टर्लिंगचं रेकॉर्डिंग टीएमझी ह्या सेलिब्रिटींच्या बातम्या देणाऱ्या वेबसाइटने बाहेर काढलं. इन्स्टाग्रामवर ब्लॅक लोकांबरोबर फोटो टाकू नकोस, त्यांना माझ्या मॅचला आणू नकोस, असं सांगत होता, आणि फोटो कोणाबरोबरचा तर लेकर्सचा महान ब्लॅक खेळाडू मॅजिक जॉन्सनबरोबरचा. ज्या लीगमधले बहुसंख्य खेळाडू ब्लॅक, ज्याच्या स्वतःच्या टीमचा कोच डॉक रिव्हर्स ब्लॅक, कॅप्टन ख्रिस पॉल ब्लॅक आणि वर तोच प्लेयर्स युनियनचा अध्यक्ष, तो मालक हे बोलतोय. आणि टीम भर प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेरीत.

२७ एप्रिलला ओकलंडला वॉरियर्सविरुद्ध चौथी मॅच होती. क्लिपर्सचे खेळाडू बाहेर आले, कोर्टाच्या बरोब्बर मध्यभागी गेले आणि वॉर्म-अपची जॅकेटं काढून तिथेच ढीग केला, आतले लाल शर्ट उलटे घातलेले, म्हणजे टीमचं नावच दिसू नये. तसाच सराव केला. एक शब्द कोणी बोललं नाही. मॅच ते हरले, ११८–९७, पण मी ते टीव्हीवर बघितलं तेव्हापासून ह्या टीमचा झालो हे खरं. दोनच दिवसांत कारमॅक्स, व्हर्जिन अमेरिका हे स्पॉन्सर निघून गेले, स्टेट फार्म, किया, रेड बुल ह्यांनी हात आखडता घेतला, आणि खेळाडूंमध्ये बोलणं सुरू झालं की शिक्षा नीट झाली नाही तर पुढच्या मॅचला कोर्टवरून चालते व्हायचं.

२९ एप्रिलला कमिशनर अॅडम सिल्व्हर, खुर्चीवर बसून त्याला तीन महिने पण झाले नव्हते, त्याने जाहीर केलं: स्टर्लिंगवर आजन्म बंदी, २५ लाख डॉलर दंड, आणि बाकी मालकांनी मत देऊन त्याला टीम विकायला लावावी.

तर आता भाच्याचा प्रश्न, कोण हाकलणार. मी त्याला हाउसिंग सोसायटीचं उदाहरण दिलं. फ्लॅट तुझ्या नावावर असतो पण तू सोसायटीचा मेंबर असतोस, उपविधींवर सही केलेली असते, आणि त्या मोडल्यास तर बाकीचे मेंबर तुझ्यावर कारवाई करू शकतात. एनबीए तसंच आहे, ३० मालकांची संघटना, तिची एक घटना आहे जी तोवर बाहेरच्या कोणाला दाखवत नव्हते आणि ह्याच प्रकरणात पब्लिक केली. त्यात कमिशनरला दंड आणि बंदीचे अधिकार आहेत, त्याचा निर्णय अंतिम मानायचं मालकांनी कबूल केलेलं आहे, आणि तीन चतुर्थांश मालकांनी मत दिलं तर मेंबरशिपच काढता येते. अनेक जण म्हणतात मग बोलण्याच्या स्वातंत्र्याचं काय? अमेरिकेच्या घटनेतलं ते स्वातंत्र्य सरकारविरुद्ध आहे, सरकार तुम्हाला बोलल्याबद्दल आत टाकू शकत नाही. खाजगी संघटनेत तुम्ही सही करून आलात, तिथे करार चालतो. म्हणून दंड आणि बंदीबद्दल माझ्या मनात शंका नाही, लीगला तो हक्क होता आणि वापरला ते योग्य केलं.

टीम काढून घेण्याचं मात्र वेगळं आहे, आणि बरेच लोक इथे गल्लत करतात. घटनेतली कलमं मुख्यतः पैसे बुडवणं, सट्टा, मॅच फिक्सिंग, करार मोडणं असल्या गोष्टींसाठी लिहिलेली. घरात खाजगीत बोललेलं, ते पण कॅलिफोर्नियात जिथे समोरच्याच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणंच बेकायदेशीर, ते ह्यात बसतं का? डॅलसच्या टीमचा तेव्हाचा मालक मार्क क्यूबन सुरुवातीला हेच म्हणत होता की बोलण्यावरून टीम काढायला लागलो तर हे कुठे थांबणार, नंतर तोही सिल्व्हरच्या बाजूने आला. लीगचं म्हणणं होतं की त्याच्या वागण्याने बाकी सगळ्या टीमचं नुकसान झालं, म्हणजे करार मोडलाच. मला हे पटतं, स्पॉन्सर पळाले, मॅचच होते की नाही अशी वेळ आली, ह्याहून जास्त नुकसान काय असतं. पण मालकांचं मतदान ३ जूनला ठरलं होतं आणि ते झालंच नाही! त्याआधीच त्याच्या बायकोने, शेली स्टर्लिंगने, २ अब्ज डॉलरला बामरशी सौदा केला. टीम होती फॅमिली ट्रस्टच्या नावावर, डॉक्टरांनी तपासून स्टर्लिंग मानसिकदृष्ट्या सक्षम नाही असं म्हटल्यावर ट्रस्टची सूत्रं बायकोकडे गेली, तो भांडला, जुलैमध्ये एलएच्या कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला, आणि १२ ऑगस्ट २०१४ ला टीम बामरची झाली. म्हणजे वर्णद्वेषी बोलल्याबद्दल मालकाची मेंबरशिप काढता येते का ह्याचा कोर्टात कस कधी लागलाच नाही. काम झालं ते ट्रस्टच्या कायद्याने.

आणि शिक्षा तरी कसली, सव्वा कोटीचे २ अब्ज झाले. त्याच्या आधी त्याच वर्षी मिलवॉकीची टीम ५५ कोटीला गेली होती आणि तोच तेव्हा विक्रम होता. २५ लाखांचा दंड ह्या रकमेसमोर काय आहे तुम्हीच बघा.

२०२२ ला फिनिक्सच्या टीमचा मालक रॉबर्ट सार्व्हरचं तसंच. चौकशीत निघालं की तो वर्णद्वेषी शब्द वापरायचा, बायकांशी नीट वागायचा नाही. लीगने एक वर्ष बंदी आणि १ कोटी डॉलर दंड लावला, आणि सिल्व्हर ह्यावेळी टीम काढून घ्यायची भाषा करायला तयार नव्हता. लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस पॉल दोघांनी उघड सांगितलं की हे कमी आहे, जर्सीवर नाव असलेल्या पेपॅलने सांगितलं की हा राहिला तर आम्ही करार वाढवणार नाही, आणि काही दिवसांत सार्व्हरने टीम विकायला काढली. किंमत लागली ४ अब्ज. बेसबॉलमध्ये १९९३ ला सिनसिनाटीच्या टीमची मालकीण मार्ज शॉटला वर्णद्वेषी बोलण्यावरून एक वर्ष बंदी आणि फक्त २५ हजार दंड झाला होता, म्हणजे आकडे वाढलेत एवढं नक्की. आपल्याकडे आयपीएलमध्ये २०१५ ला लोढा समितीने राज कुंद्रा आणि मय्यप्पनवर आजन्म बंदी आणली ती सट्ट्यासाठी, पण तिथे चेन्नई आणि राजस्थान दोन्ही टीमच दोन वर्षं बाहेर बसल्या आणि भोगलं खेळाडूंनी, फॅननी. एनबीएने निदान माणूस बाहेर काढला आणि टीम खेळत राहिली, हे मला जास्त बरोबर वाटतं.

लीगला ह्या बाबतीत मी ५ पैकी ३ देईन. २०१४ ला सिल्व्हर ठाम उभा राहिला ह्याचे तीन, आणि घरं नाकारल्याची केस झाली तेव्हा सगळं माहिती असून एक नोटीस काढली नाही ह्याचे दोन कापले. ज्यांना घर मिळालं नाही त्यांच्याकडे टेप नव्हती, स्पॉन्सर नव्हते.

स्टेडियमला मात्र पूर्ण ५. पहिल्यांदा जात असाल तर द वॉलच्या मागच्या रांगा घ्या, तुलनेने स्वस्त मिळतात, फक्त तिथे बसून मॅच बघणार असाल तर ओरडायची तयारी ठेवा आणि गुडघे दुखत असतील तर बाजूचे खालचे स्टँड बघा, चढण खरंच जास्त आहे. मोठ्या टीमविरुद्धच्या मॅचचे दर चढतात, मंगळवार-बुधवारची साधी मॅच पकडा. पार्किंग तिकिटाबरोबरच ऑनलाइन घेऊन टाका, आणि शेजारी सोफायला त्या दिवशी काही कार्यक्रम आहे का ते आधी बघा, असेल तर दीड तास आधी निघा.