जुना डिझेल पिकअप आणि सकाळचा सेल्फ: वापरानंतरचा अनुभव

सेकंडहँड घेतलेल्या या जुन्या पिकअपच्या अॅव्हरेजबद्दल किंवा ओढण्याच्या ताकदीबद्दल माझी तक्रार नाही. निफाडच्या थंडीत तो सकाळी लवकर सुरू होत नसे, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे. गॅरेजवाल्याने काहीही न तपासता डिझेल पंप उतरवण्याचा सल्ला दिला आणि त्याने सांगितलेला खर्च ऐकून मी मल्टीमीटर हाती घेतला.

सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्टेज 10 च्या वर टिकत होते आणि इंजिन जोमाने फिरत होते, त्यामुळे बॅटरी व अर्थिंगवरचा संशय फिटला. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता, म्हणजे डिझेल पोहोचत होते पण पेटत नव्हते. थंड इंजिनात सिलिंडरमधली हवा तापवणाऱ्या हीटर प्लगना जोडणारी पट्टी काढून प्रत्येकाचा रोध मोजला. तीन प्लग 1 ओहमच्या आसपास होते, चौथा आतून तुटलेला होता. तो बदलल्यावर गाडी सुधारली आणि या अनुभवाचा पहिला मसुदा मी समाधानाने तिथेच संपवला होता.

पुढे मात्र रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन सेल्फ मारल्यावर धुराशिवाय नुसतेच फिरू लागले, आणि हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल ओढायचा छोटा पंप) घट्ट होईपर्यंत दाबला की गाडी लगेच सुरू होऊ लागली. या गाडीत वेगळा फीड पंप नाही. टाकीतले डिझेल मुख्य पंपच ओढतो. टाकी पंपापेक्षा खालच्या पातळीवर असल्याने वाटेत बारीक फट असली तरी रात्री डिझेल मागे ओसरते आणि पाइपमध्ये हवा शिरते. त्या बाजूला दाब नसून ओढ असल्याने बाहेर थेंबही दिसत नाही. फिल्टरनंतर पारदर्शक पाइपचा तुकडा जोडल्यावर बुडबुडे दिसले.

दोष फिल्टरवरच्या बँजो बोल्टच्या, म्हणजे ज्याच्या पोकळीतून डिझेल जाते त्या बोल्टच्या, तांब्याच्या वॉशरचा होता. फिल्टर बदलताना तेच चेपलेले, कडक झालेले वॉशर पुन्हा बसवायचे आणि मग गिऱ्हाइकाला पंपाचा खर्च सांगायचा, या रीतीचा मला मनस्वी राग आहे. लाल होईपर्यंत तापवल्यास तांबे पुन्हा मऊ होते हे खरे, पण चहाच्या किमतीत नवे वॉशर मिळत असताना तो खटाटोप माझ्यासारख्या काटकसरी माणसालाही पटत नाही.

हीटर प्लगच्या इंजिनात ईथरचा स्प्रे मारून गाडी सुरू करण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये. तापलेल्या प्लगवर तो अवेळी पेटून पिस्टन फोडू शकतो. गाडीला पाचपैकी चार तारे देतो. एक तारा कापला, कारण फिल्टर अशा कोपऱ्यात बसवला आहे की त्या बोल्टवर पाना धड फिरत नाही.