अकरावीला कॉलेज निवडताना कोणता आकडा धरायचा?

दहावीचा निकाल लागला की ओळखीतले पालक हमखास विचारतात, "मॅडम, या दोनपैकी कुठलं कॉलेज घेऊ?" मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवते. बारावी सायन्स करून आलेली मुलं थेट माझ्या वर्गात येऊन बसतात. त्यामुळे कॉलेजं जे आकडे मिरवतात, त्यांचं पुढे काय होतं ते मला दिसतं.

बारावीचा निकाल हा त्यातला सगळ्यात कमी कामाचा आकडा. २०२५ मध्ये राज्यात विज्ञान शाखेचाच निकाल ९७.३५ टक्के लागला. मग ९९ टक्केवालं कॉलेज आणि ९६ टक्केवालं, यात डावं-उजवं काय करणार? पास व्हायला ३५ टक्के पुरतात, पण इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला खुल्या गटात पीसीएमचे (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) किमान ४५ टक्के लागतात. तेव्हा पंचेचाळीसच्या खाली किती राहिले, ते विचारा.

कट-ऑफवरून एवढंच कळतं की आत कोण आलं. नव्वदच्या पुढची मुलं घेऊन नव्वदचीच बाहेर काढली, तर कॉलेजने काय केलं? दहावीला पंचाहत्तर टक्के असलेली मुलं दोन्हीकडे बारावीला कुठे पोचली, हे शेजारीपाजारी विचारून ताडून बघा.

सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, फ्लेक्सवर ९९ पर्सेंटाइलचे दहा चेहरे असतात. परीक्षेला बसले किती, ते कुठेच नसतं. शिवाय पीसीएमच्या सीईटीत १८० मिनिटांत १५० प्रश्न, चारातला एक पर्याय निवडायचा, निगेटिव्ह मार्किंग नाही. वेग आणि सराव त्यात नक्की कळतो, आणि इंजिनिअरिंगचा प्रवेश मुख्यतः त्यावर मिळतो, म्हणून हा आकडा टाळूनही चालणार नाही. पण पुढे पेपरात पानभर डेरिव्हेशन लिहायची वेळ आली की यातलीच कित्येक मुलं दोन ओळींत थांबतात.

खरा फरक मला लॅबमध्ये कळतो. दरवर्षी पहिल्या टायट्रेशनला काही मुलं ब्युरेट (थेंबाथेंबाने द्रावण सोडायची खुणांची उभी नळी) वरून, मान वाकवून वाचतात. डोळा द्रावणाच्या पातळीत आणायचा असतो, हे कुणी दाखवलेलंच नसतं. पिपेट तोंडात धरू की बोटात, असं विचारणारी मुलगीही मला भेटली आहे. बारावीचं जर्नल मात्र तिचं सुरेख होतं, तीनही रीडिंग अगदी सारखी, प्रयोग न करता उतरवल्यासारखी. एवढ्या मेहनती मुलीची दोन वर्षं कुणीतरी वाया घालवली, याचं फार वाईट वाटतं.

इंटिग्रेटेड (कॉलेज आणि क्लास एकाच ठिकाणी) की साधं कॉलेज, हा प्रश्नही मी इथेच सोडवते. मुलाला मनापासून जेईई द्यायची असेल आणि कॉलेज, क्लास, प्रवास यात दिवस संपत असेल, तर इंटिग्रेटेड घ्यायला माझी हरकत नाही. फक्त हजेरी कागदावरची नको आणि लॅब चालू हवी. बाकी मुलांसाठी, बीएस्सी किंवा फार्मसीकडे जाणाऱ्यांसाठी तर नक्कीच, मी कमी कट-ऑफचं पण प्रॅक्टिकल नेमाने घेणारं कॉलेज निवडेन.

प्रवेशाआधी एकदा लॅब दाखवा म्हणा. ब्युरेटच्या तोट्या फिरतात का, सिंक ओलं आहे का, बाटल्यांवरची लेबलं ताजी आहेत का, ते बघा. तिथून गेल्या वर्षी बाहेर पडलेली दोन-तीन मुलं गाठा आणि पहिल्या वर्षाला एटीकेटी लागली का, म्हणजे विषय राहिला का, कुठल्या विषयात लागली, ते विचारा.