ग्रीक वंशावळीच्या नावावर १,२५० युरोंचा गंडा

माझे सासरे मेलबर्नचेच, पण त्यांची आई ग्रीसमधल्या कालामाताजवळच्या खेड्यातली. १९३०च्या दशकात लग्न करून इकडे आली, ती परत गेलीच नाही. तिच्या आईवडिलांची नावं घरात कुणालाच धड माहीत नाहीत आणि सासऱ्यांना या वयात तोच एक ध्यास. फेसबुकवर मी चौकशी केली आणि तासाभरात एका ‘वंशसंशोधका’चा मेसेज आला.

आधी शोधाचे १८० युरो. मग ‘नोंद सापडली, शिक्क्याची प्रत काढायचीय’ म्हणून ४२०. शेवटी भाषांतर आणि अपोस्टिलचे, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्याचे, ६५०. पुढचं सांगायला नकोच. फोन बंद, ईमेल परत.

एवढे पैसे दिलेच कसे, असं विचारणाऱ्यांनी जरा ऐकावं. नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत माझ्या पणजोबांची मोडीतली सही मी डोळ्यांनी पाहिलीय. जुन्या वहीत पिढ्या सापडतात, यावर माझा विश्वास बसणारच. आणि लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टिल घेताना आम्ही एजंटला पैसे मोजलेच होते, त्यामुळे तो खर्चही खटकला नाही.

खटकायला हवं होतं ते दुसऱ्या हप्त्यानंतर स्कॅन आला तेव्हा. पिवळं पडलेलं पान, निळा गोल शिक्का, रकान्यात आजेसासूबाईंचं नाव, शेजारी त्यांच्या वडिलांचं. सासरे रडायलाच लागले. पानाचा मथळा होता ‘मित्रोओ अरेनोन’, म्हणजे पुरुषांची नोंदवही. ही वही ठेवायचे लष्करभरतीसाठी, गावात जन्मलेल्या मुलग्यांची. वरखाली सगळे पुरुष आणि मधोमध एक बाई! नवऱ्याने मथळा मोठ्याने वाचूनही दाखवला होता. पण घरातलं म्हातारं माणूस डोळे पुसत असताना रकाने कोण तपासत बसतं?

आता तक्रारीचं ऐका. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार? अहो, फसवलेला माणूस स्वतःच पाठवतो ना! पोलिसांच्या ऑनलाइन तक्रारीवर एक क्रमांक मिळाला आणि पुढे ‘प्रकरण बंद’. फोन केला तर म्हणे, गुन्हा ग्रीसमधला. ग्रीसला लिहिलं तर म्हणे, खातं लिथुआनियातलं. लिथुआनियातून उत्तरच नाही. एका अधिकाऱ्याने तर मला विचारलं, कागद खोटा कशावरून? लष्करभरतीच्या वहीत बाईचं नाव आहे, आणखी कसला पुरावा देऊ?

ग्रीक खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक, ‘जीआर’ने सुरू होतो. आमच्या पावतीवर ‘एलटी’ होतं, म्हणजे लिथुआनिया. पैसे पाठवण्याआधी ती दोन अक्षरं बघा. नोंदवही कुठल्या कचेरीत आहे आणि पान कितवं, हे न सांगणाऱ्याला एक पैसा देऊ नका. संसदेच्या जुन्या मतदारयादीत पणजी सापडली म्हणणाराही खोटाच, ग्रीक बायकांना संसदेसाठी मताचा हक्क मिळाला १९५२ मध्ये. बाईचा माग काढायचा तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या बघा, नाहीतर तिच्या भावाची नोंद शोधा, त्यात वडिलांचं नाव असतं. सरकारी अभिलेखागाराची शाखा खुद्द कालामातात आहे, तिथे थेट लिहिता येतं. मध्यस्थ लागतच नाही, आणि हे आम्हाला १,२५० युरो गेल्यावर कळलं.

त्या माणसाने आता नाव बदललंय, धंदा तोच चालू आहे. आणखी कुणाला त्याने गाठलं असेल तर स्कॅन आणि पावत्या जपून ठेवा आणि मला कळवा, तक्रार एकत्र करू.