टार्गेट कुणाला कसलं द्यायचं?

एप्रिल लागला की ठाण्याची वागळे इस्टेट काय नि नवी मुंबईचं रबाळे-महापे काय, सगळ्या कारखान्यांत नव्या टार्गेटची चर्चा सुरू होते. ४०-५० माणसांचं युनिट असेल, तर मालकापुढे साधारण तीन वाटा असतात.

सगळ्यांच्या सवयीचं म्हणजे निकालाचं टार्गेट. 'टर्नओव्हर २० टक्के वाढवायचा', 'महिन्याला इतके नग गेलेच पाहिजेत'. सांगायला सोपं, मोजायलाही सोपं. सेल्सवाल्याला हे चालतं, कारण ऑर्डर आणणं बऱ्यापैकी त्याच्या हातात असतं. शॉप फ्लोअरवर मात्र हेच टार्गेट महिनाअखेरीला अंगावर येतं. क्यूसीचा, म्हणजे गुणवत्ता तपासणीचा, लाल टॅग लागलेला लॉट बाजूला ठेवायचा, की 'पार्टी बघून घेईल' म्हणत टेम्पोत चढवायचा? सुपरवायझरचा इन्सेन्टिव्ह गेलेल्या नगांवर असेल, तर तो काय करेल हे सांगायला नको. मग तोच माल रिजेक्शन होऊन परत दारात. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स पेरो यांनी १९६१ मध्येच संस्थेची जाहीर उद्दिष्टं आणि प्रत्यक्ष चालणारी उद्दिष्टं वेगळी करून दाखवली होती. गेटवर 'गुणवत्ता प्रथम'ची पाटी आणि सकाळच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न 'काल किती गेले?' यातलं खरं कुठलं, ते हेल्परलाही कळतं.

दुसरी वाट प्रक्रियेच्या ध्येयाची. सेटिंग झाल्यावर पहिला नग पास झाल्याशिवाय लॉट सुरू करायचा नाही, गेज (माप तपासायची साधनं) रोज तपासायचे, वगैरे. हे ऑपरेटरच्या हातातलं असतं, म्हणून फ्लोअरला मला हेच पटतं. फक्त चेकलिस्टवर नजर हवी. सहा दिवसांच्या सह्या एकाच शाईत, एकाच दमात केलेल्या दिसल्या, की समजायचं.

तिसरी ओकेआरची, म्हणजे 'ऑब्जेक्टिव्ह्ज अँड की रिझल्ट्स': एक मोठं ध्येय आणि ते गाठलं का हे दाखवणारे मोजके, मोजता येणारे निकाल. ऐरोलीच्या आयटी कंपनीत नोकरी करणारा भाचा ती सुचवतोच. पद्धत इंटेलच्या अँडी ग्रोव्ह यांची. गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी ती १९९९ मध्ये गूगलला शिकवली. तिथे ध्येय मुद्दाम अवघड ठेवतात, ६०-७० टक्के गाठलं तरी चांगलं धरतात आणि पगारवाढ थेट त्याला बांधत नाहीत. हे शेवटचं आपल्याकडे सोयीस्करपणे गळतं. इन्क्रिमेंट जोडलं, की जो तो हमखास जमेल तेवढंच लिहून देतो. नवं मार्केट, नवं प्रॉडक्ट अशा एखाद्याच कामासाठी, मालक आणि दोन-तीन हेडपुरतं ओकेआर ठीक.

'स्मार्ट' (ध्येय नेमकं, मोजता येणारं, मुदतीत बांधलेलं वगैरे हवं) हा वेगळा प्रकार नव्हे, ध्येय लिहायची रीत आहे. जॉर्ज डोरान यांच्या १९८१च्या मूळ यादीत 'हे करणार कोण' हा मुद्दाही होता, तेवढा सोडू नका.

सेल्सला निकालाचं टार्गेट देताना ऑर्डर नव्हे, वसुली धरा. डिस्पॅचचा आकडा ठेवायचाच असेल, तर परत आलेला माल वजा करूनच इन्सेन्टिव्ह काढा, आणि तोही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेनंतर.